ऑब्रीच्या माना

ऑब्री ट्रँटरची कारकीर्द मी तीनदा संपवली. पहिल्या दोन वेळी त्याने माझे आभार मानले.

पहिल्यांदा एकाहत्तर साली. मँचेस्टरच्या एका वाहिनीसाठी मी नगरपालिकेच्या तरणतलावावर विनोदी मालिका लिहीत होतो. ऑब्री त्यात तलावाचा रखवालदार होता आणि त्याला पोहता येत नव्हतं. कोणी बुडायला लागलं की सगळे त्याच्याकडे धावत यायचे आणि तो अगदी गंभीरपणे म्हणायचा, "मी फक्त टॉवेल देतो." हे वाक्य मी एका मंगळवारी, जेवायला जायची घाई होती म्हणून लिहिलं. पुढची पन्नास वर्षं ते ऑब्रीच्या मागे लागलं. चालत्या टॅक्सीतून, परांचीवरच्या गवंड्यांकडून, दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं असताना. त्याच्या बायकोला, मॉयराला, पुरलं त्या दिवशीसुद्धा मागच्या रांगेतून कोणीतरी ते म्हणालं. हळूच म्हणालं, प्रेमाने म्हणालं. ऑब्रीने वळून त्या माणसाचा हात हातात घेतला. तसाच आहे तो.

दुसऱ्यांदा, त्यानंतर दहा वर्षांनी. त्याला गंभीर काम हवं होतं. मी त्याच्यासाठी टीव्हीवरचं दीड तासाचं नाटक लिहिलं आणि त्यात त्याला खुनी केलं. पहिल्याच दृश्यात तो रक्ताने माखलेले हात घेऊन न्हाणीघरातून बाहेर येतो. दाराशेजारी खुंटी होती. खुंटीवर टॉवेल होता. चूक कोणाची, हे शोधायला समिती नेमावी लागली नाही. त्या रविवारी अख्खा देश सोफ्यावरून हसत खाली पडला, आणि गंभीर नट म्हणून ऑब्रीचं आयुष्य साधारण चाळीस सेकंदांचं ठरलं.

मग रश्श्याच्या जाहिराती. मग नाताळात गावोगावच्या थिएटरांत झगा आणि केसांचा टोप घालून म्हातारीची कामं, समोर सहाशे पोरं आणि त्यांच्या हातात चिकट मिठाई. आणि पासष्टाव्या वर्षी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, दुपारी तीन वाजताचा 'माळ्यावर काय आहे?'

या कार्यक्रमात ऑब्री लोकांच्या घरी जायचा, माळ्यावरून काढलेली एखादी वस्तू बघायचा आणि घरच्यांशी बोलायचा. सोबत एक जाणकार असायचा, तो वस्तूची किंमत सांगायचा. किंमत काहीच नसेल तर तो म्हणायचा, "हिच्यामागच्या भावना अनमोल आहेत." मी निवृत्त होतो, पण घरी करमत नव्हतं, म्हणून ऑब्रीची दोन-चार वाक्यं लिहून द्यायच्या निमित्ताने मीही गाडीत बसून जायचो. मॉयरा गेल्यापासून ऑब्रीचं सगळं त्या गाडीवर चाललं होतं. सकाळी साडेसात वाजता दाराशी गाडी उभी राहते म्हणून तो सहाला उठायचा, दाढी करायचा, अंडं उकडायचा. रविवारी गाडी नसायची. रविवारी ऑब्री काय करायचा ते मी कधी विचारलं नाही. एकदा दुपारी बाराला गेलो, तर तो झोपायच्या कपड्यांत जिन्यात बसला होता. वर चालला होता की खाली, हे त्यालाही आठवत नव्हतं.

आता तिसरी वेळ. त्यासाठी एक गोष्ट सांगावी लागेल. आमच्याकडे कॅमेरा एकच. तो आधी पाहुण्याकडे बघतो. पाहुण्याचं बोलणं संपलं, की पाहुण्याला स्वयंपाकघरात चहाला पाठवतात, कॅमेरा उलटा फिरवतात, आणि ऑब्री रिकाम्या खुर्चीकडे बघत मान हलवतो. याला आम्ही 'माना घेणं' म्हणतो. नंतर कापाकापी करताना पाहुण्याच्या बोलण्यात मधेमधे ऑब्रीची मान टाकली, की दोघं समोरासमोर बसलेत असं वाटतं. बसलेलेच असतात म्हणा, पण एका वेळी एकच.

ऑब्रीसारखी मान या देशात कोणाला हलवता आली नाही. आश्चर्याची मान, सहानुभूतीची मान, 'अगंबाई, खरंच?'ची मान. रिकाम्या खुर्चीसमोर त्याचे डोळे भरून यायचे. आणि पहिल्याच वर्षी, दर घरी कपडे बदलायचा त्याला कंटाळा येतो म्हणून, मी सुचवलं: "रोज हेच घाल ना. मोहरीच्या रंगाचं विणलेलं जाकीट. लोकांना ओळखीचं वाटेल, आणि एका घरात कमी पडलेल्या माना दुसऱ्या घरातून घेता येतील."

त्याने माझे आभार मानले नाहीत, एवढं खरं. म्हणाला, "डेन्झिल, जाकीट टोचतं." पण घातलं. अकरा वर्षं घातलं.

अकराव्या वर्षाचं शेवटचं चित्रीकरण ओल्डहॅमला होतं, नोव्हेंबरात, मिसेस हॅल्सल नावाच्या बाईंच्या घरी. आमची निर्माती जॉस्लिन मला बाहेर फुटपाथवर भेटली. चौतीस वर्षांची हुशार मुलगी, वाईट बातमी सांगताना हातमोजे काढणारी. तिने हातमोजे काढले.

"डेन्झिल, तुम्ही त्यांचे सगळ्यात जुने मित्र."

"जिवंतांपैकी."

"पुढच्या वर्षी कार्यक्रम चालू राहणार आहे."

"वा."

"ऑब्रीही असतील. म्हणजे... आवाज. एक दिवस घरी जाऊन आवाज घेऊन येऊ. घराघरांत मी माणूस पाठवेन प्रश्न विचारायला, तो दिसणार नाही. आणि ऑब्रींच्या माना आहेतच आमच्याकडे."

"किती?"

"चार हजार दोनशे." तिला लाज वाटत होती, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. "सगळ्या नीट लावून ठेवल्यात. सहानुभूती वेगळी, आश्चर्य वेगळं. जाकीट एकच असल्यामुळे कुठलीही कुठेही बसते. ती कल्पना कोणाची होती हो? फार दूरदृष्टी होती त्या माणसाला."

मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. माझ्या बुटांना नाड्या नाहीत.

"मग गाडी?" मी खालूनच विचारलं.

"गाडीची गरजच नाही ना आता. शहात्तर वय आहे त्यांचं, आराम होईल. तुम्ही सांगाल? तुमच्याकडून ऐकलं तर बरं वाटेल त्यांना."

"मला नाही वाटणार."

"आज मात्र काम चांगलं होऊ दे. वरच्यांपैकी कोणी कोणी अजून म्हणतंय की ते प्रत्यक्ष हवेत. आजचं बघून ठरवतील."

म्हणजे आशा होती. आशा मला कधीच आवडली नाही. तिच्यामुळे माणूस उगाच नीट काम करतो.

मिसेस हॅल्सल चौऱ्याऐंशी वर्षांच्या. कमरेचं हाड दोनदा बसवलेलं, केस निळसर पांढरे, आणि आलेल्या सात जणांना त्यांनी दारातच सांगितलं, "बूट पुसा रे बाळांनो, गालिचा तुमच्यापेक्षा जुना आहे." ऑब्रीकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही टॉवेलवाले."

"मीच तो."

"आमच्या सिरिलला तुम्ही मुळीच आवडायचा नाहीत."

"सिरिलची पसंती चांगली होती," ऑब्री म्हणाला.

वस्तू होती घड्याळ. शेल्फवर ठेवायचं, लाकडी, पितळी पट्टीवर कोरलेलं: सिरिल हॅल्सल, बसचालक, एकतीस वर्षांची सेवा. कॅमेरा मिसेस हॅल्सलकडे होता. त्या सांगत होत्या की सिरिलचा या घड्याळावर किती जीव होता, रोज कसा पुसायचा. जाणकाराने घड्याळ उलटंपालटं केलं, आतली चावी फिरवून बघितली आणि म्हणाला, "हिच्यामागच्या भावना अनमोल आहेत."

"म्हणजे काही नाही," मिसेस हॅल्सल म्हणाल्या.

"कट," जॉस्लिन म्हणाली. "फार छान झालं. मिसेस हॅल्सल, आता तुम्ही स्वयंपाकघरात बसा, आम्ही ऑब्रींच्या माना घेतो."

"कशाच्या काय?"

"थोडं चित्रीकरण आहे. तुमची गरज नाही."

"माझ्या खुर्चीतून मला उठवायला दोन माणसं लागतात आणि परत बसवायला तीन. मी इथेच आहे. तुमचं काय ते चालू द्या."

जॉस्लिनने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. ते बंद होतं. कॅमेरावाला ग्विलिम, वेल्सचा, कधी न बोलणारा, त्याने कॅमेरा फिरवून ऑब्रीच्या तोंडावर लावला. मिसेस हॅल्सलच्या गळ्याजवळचा माइक काढून घेतला. आणि ऑब्री सुरू झाला.

त्या दिवशी तो जीव तोडून करत होता. आधी हळू मान, डोळे किंचित बारीक. मग भुवया वर. मग ओठ आत घेऊन ते हसू, जे बघून बायका पत्रं लिहायच्या. सहानुभूतीची मान तर अशी केली की आमची मेकअपवाली खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मिसेस हॅल्सल थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काय करताय तुम्ही?"

"ऐकतोय," ऑब्री मान हलवत म्हणाला.

"पण मी काही बोलतच नाहीये."

"त्याची गरज नसते."

"असं होय." त्यांनी काही हरवल्यासारखं इकडेतिकडे बघितलं. "मग बोलते ना. एवढं ऐकणारा माणूस घरात आहे, वाया कशाला घालवायचा?"

"बोला की," ऑब्री म्हणाला आणि आश्चर्याची मान दिली.

"मघाशी मी खोटं बोलले. सिरिलला ते घड्याळ डोळ्यांसमोर नको असायचं. एक दिवससुद्धा चाललं नाही ते. साठीला त्याला घड्याळ दिलं, केक कापला आणि घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तो उठला. तोंड धुतलं, गणवेश घातला, टोपी घातली. मी म्हटलं, विसरला असेल. बघितलं तर डोळ्यांत विसरलेलं काही नव्हतं. मला म्हणाला, 'बेरिल, डबा?' मी सँडविच करून दिलं. तो गेला."

ऑब्रीची मान अर्ध्यावर थांबली.

"कुठे?"

"मला काय माहीत? दोन दिवस मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मागून गेले. शेवटच्या थांब्यावर बाकावर बसला होता. बसेस येत होत्या, जात होत्या. ओळखीचे चालक हात करायचे, हा हात करायचा. पाऊस होता. मी परत आले, चहा टाकला. तो साडेचारला आला. मी विचारलं, 'आज कसं होतं?' तो म्हणाला, 'गर्दी होती.'"

"माना," जॉस्लिन दबक्या आवाजात म्हणाली. "ऑब्री, माना."

ऑब्री हलला नाही. तोंड किंचित उघडं, हात गुडघ्यांवर. पन्नास वर्षांत मी त्याचा चेहरा इतका रिकामा कधी पाहिला नव्हता. तो काही करतच नव्हता.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"दोन वर्षं आणि थोडं. मग छाती दुखायला लागली."

"आणि तुम्ही कधीच...?"

"काय म्हणणार, बाळा? त्याला कळत होतं की मला माहीत आहे. मला माहीत होतं की त्याला कळतंय. त्यावर आमचं बरं चाललं होतं."

ग्विलिमचा कॅमेरा चालू होता. शेवटी ऑब्रीने विचारलं, "सँडविच कसलं असायचं?"

मिसेस हॅल्सल हसल्या. पहिल्यांदाच कोणीतरी योग्य प्रश्न विचारला, असं हसल्या. "बीट आणि चीज. रोज. ब्रेड गुलाबी होऊन जायचा. बाकीचे चालक त्यावरून चिडवायचे त्याला."

ऑब्रीची मान थांबली तिथपासूनचं चित्रीकरण वाया गेलं. बाईंचा आवाज नीट आलाच नव्हता, आणि चेहऱ्यावर एकही मान नव्हती. एक म्हातारा तोंड उघडं टाकून बसलाय, एवढंच दिसत होतं. जॉस्लिनने ते वर दाखवलं. वरून विचारलं गेलं की यांची तब्येत बरी आहे ना.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी आम्ही गाडीत होतो. गाडी चालवायचे मिस्टर तारिक, अकरा वर्षं तेच. ऑब्री नेहमी त्यांच्याशेजारी पुढे बसायचा, मी मागे. दार लागल्यावर मिस्टर तारिकनी रोजचंच विचारलं, "कसं होतं आज, ऑब्रीसाहेब?"

रोज ऑब्री काहीतरी चुरचुरीत बोलायचा. आज बोलला नाही. ओल्डहॅमचे दिवे मागे पडले. मी मनातल्या मनात चार वाक्यं लिहिली, चारही खोडली. वाक्यं लिहून मी पोट भरलंय, पण ती दुसऱ्याने म्हणायची असायची.

"ऑब्री," मी म्हणालो, "जॉस्लिन म्हणत होती..."

"चार हजार दोनशे," ऑब्री म्हणाला.

"तुला कोणी सांगितलं?"

"तिने सकाळी आधी मेकअपवालीला सांगितलं. पोरगी माझ्या कपाळावर पावडर लावता लावता रडली. पावडरचा चिखल झाला. दोनदा पुसावं लागलं."

"म्हणजे दिवसभर तुला माहीत होतं?"

"म्हणून तर एवढ्या चांगल्या दिल्या." त्याने जाकिटाच्या कॉलरखाली खाजवलं. "मूर्खपणा बघ, डेन्झिल. त्यांना दाखवायचं होतं की मी अजून लागतो. आणि त्यासाठी त्यांना अजून साठ माना देऊन आलो."

"जाकिटाची कल्पना माझी होती."

"माहीत आहे मला. टोचतं म्हणालो होतो तुला."

तो मला एवढंच बोलला. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. आमच्याकडे पुरुष शिव्या देऊन मोकळे होतात. नाही दिल्या की समजावं, दुखलंय.

ऑब्री मग मिस्टर तारिकना म्हणाला, "वसंतात नवं चित्रीकरण सुरू होईल तेव्हा तुम्ही काय करणार?"

"बघू साहेब. विमानतळाचं काम मिळतं."

"बरं असतं का?"

"मागे बसतात. फोनवर बोलतात. उतरतात." त्यांनी आरशात बघितलं. "पुढे कोणी बसत नाही."

पुढच्या आठवड्यात वाहिनीकडून कागद आला. ऑब्रीचा आवाज, ऑब्रीचं नाव, ऑब्रीच्या झालेल्या माना. त्याने सगळं मान्य केलं आणि खाली स्वतःच्या हाताने एक कलम वाढवलं: मार्चपासून चौदा आठवडे, सोमवार ते शनिवार, सकाळी साडेसातला माझ्या दाराशी गाडी यावी. चालक मिस्टर तारिक.

वाहिनीच्या कायदेवाल्यांनी विचारलं, गाडी कशासाठी? ऑब्रीने कळवलं, बसण्यासाठी. त्यांनी विचारलं, गाडी जाणार कुठे? त्याने कळवलं, ते मी आणि मिस्टर तारिक पाहू. यावर त्यांच्या तीन बैठका झाल्या. अखेर कोणाच्या तरी लक्षात आलं की माणसापेक्षा गाडी स्वस्त पडते, आणि कलम मंजूर झालं.

फेब्रुवारीत मिसेस हॅल्सलचा भाग लागला. त्या सांगतायत की सिरिल घड्याळ रोज पुसायचा, आणि समोर ऑब्री मान हलवतोय. मी ओळखली ती मान. चौथ्या वर्षाची होती, बर्नलीच्या एका चहाच्या किटलीसाठी दिलेली. डेव्हनहून एका प्रेक्षकाने लिहिलं, ऑब्रींची तब्येत सुधारलेली दिसते, काय खातात ते कळवावं. बाकी कोणाला काही कळलं नाही. मिसेस हॅल्सलचं मात्र एक कार्ड आलं, समोर मांजराचं चित्र: 'कार्यक्रम बघितला. माझं ऐकत होतात तेव्हा तुम्ही असे दिसत नव्हतात. तेव्हा अगदी बावळट दिसत होतात. ते जास्त बरं होतं. बेरिल हॅल्सल.' ते कार्ड ऑब्रीने पुरस्कारांच्या कपाटात ठेवलं. तिथे जागा होती.

मार्चच्या पहिल्या सोमवारी, आठला दहा मिनिटं कमी असताना, माझ्या दाराशी गाडी थांबली. ऑब्री उतरला. दाढी केलेली, बूट चकचकीत, अंगात मोहरीचं जाकीट.

"आज हे कशाला?" मी म्हणालो.

"कामावर आलोय."

आत येऊन तो स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसला. डबा टेबलावर ठेवला. मी काही विचारलं नाही. कडेकडेने गुलाबी झालेला ब्रेड दिसत होता.

दिवसभर मी बोललो. इतकी वर्षं त्याच्या तोंडी वाक्यं घातली, पण त्याला स्वतःचं असं काही सांगितलंच नव्हतं. न्हाणीघरातल्या त्या टॉवेलबद्दल बोललो. तो टॉवेल मी संहितेत लिहिला होता. माझ्या हाताने. 'खुंटीवर टॉवेल.' का लिहिला ते आठवत नाही. बहुतेक न्हाणीघर आहे, तर टॉवेल हवा, एवढंच. त्याने सगळं ऐकलं. तोंड किंचित उघडं, हात गुडघ्यांवर.

"मान तरी हलव," मी शेवटी वैतागून म्हणालो. "ऐकतोयस की झोपलायस ते कळत नाही."

"माझ्याकडे उरल्या नाहीत," ऑब्री म्हणाला. "सगळ्या त्यांच्याकडे आहेत."

आणि मग तो खरोखरच झोपला, साधारण अडीच ते साडेतीन. दमला होता. मीही दमलो होतो. शेजारणीचं मांजर खिडकीतून आलं, डबा हुंगला आणि नाराज होऊन गेलं.

साडेचारला गाडी आली. मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो. तो पुढचं दार उघडून बसला, पट्टा लावायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"कसं होतं आज, ऑब्रीसाहेब?" मिस्टर तारिकनी विचारलं.

"गर्दी होती," ऑब्री म्हणाला.

घरात आम्ही दोघंच होतो. मांजर धरलं तर अडीच.